लाल दोऱ्याचे तीन टाके

बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बोळातल्या दुकानात परसू तीस वर्षं बॅगांच्या आणि जॅकेटांच्या चेना बदलत आला. मूळचा निपाणीकडचा. बोलायला तिरका आणि संशयाला एक नंबर. गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप त्याने कधी खरं धरलं नाही. अंगाला टेप लावल्याशिवाय त्याची कात्री चालायची नाही. काम झालं की चेनच्या तळाशी लाल दोऱ्याचे तीन आडवे टाके घालायचा. तीच त्याची सही.

त्याची पोरगी वीणा कंपनीत नोकरीला. ती एकटी आइसलंडला जाते म्हणाली, तेव्हाच परसूचं डोकं फिरलं.

"काय हाय तिथं? दगड आणि बरफ. तुझ्या त्या प्रवासाच्या कपड्याला माझी सुई लागायची न्हाई."

"सरी, आप्पा," कानडीत 'बरं' एवढंच ती म्हणाली. इतकी गुमान ऐकणारी पोर नव्हे ही. बरोबर कुणीतरी आहे, परसूने तिथेच ठरवून टाकलं.

मग फोटो यायला लागले. काळी वाळू, जमिनीतून निघणारी वाफ, शेवाळाने झाकलेले लाव्ह्याचे दगड, आणि मैलोन्‌मैल चिटपाखरू नाही.

"माणूस न्हाई, मग हिचा फोटो कोण काढतंय?"

"फोन दगडावर ठिवून काढते म्हणे," त्याची बायको कस्तुराबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"दगडाचा नेम बरा हाय," परसू बायकोला म्हणाला.

पाचव्या दिवशीच्या फोटोत गाडीच्या मागच्या सीटवर एक पुरुषी जॅकेट पडलं होतं. परसूने फोटो मोठा केला. चेनच्या तळाशी लाल दोऱ्याचे तीन टाके.

हे जॅकेट त्यानेच महिन्यापूर्वी दुरुस्त केलं होतं. शंतनु नावाचा पुण्याचा उंच पोरगा घेऊन आला होता. चेन बदला म्हणाला, बाह्या आखूड करा म्हणाला, आणि माप कागदावर लिहून आणलेलं. टेप लावूच देईना, शेवटी परसूने वैतागून कागदावरच्या मापानेच कापलं. म्हणजे सासरा बघायला आला होता लेकाचा! पोरगी कुणाबरोबर फिरते यापेक्षा ती आपल्याशी खोटं बोलली, हे परसूला जास्त लागलं. दोन दिवस तो धड जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीणाचा व्हिडिओ कॉल आला. बायकोच्या हातातला फोन त्याने ओढून घेतला.

"शंतनुला दे."

"तो बेंगळुरूतच आहे, आप्पा. ऑफिसात."

"मग त्याचं जॅकेट?"

वीणाने फोन जरा लांब धरला. ते जॅकेट तिच्या अंगात होतं आणि मागे धबधबा कोसळत होता.

"मी विकत घेतलं त्याच्याकडून. तुम्ही माझ्या कामाला हात लावणार नव्हता, म्हणून त्याला पाठवलं. इथलं वारं गाडीचं दार उपटतं, आप्पा. दुसऱ्या कुणी लावलेल्या चेनचा मला भरवसा वाटेना."

परसूला एकदम त्या पोराशी झालेलं बोलणं आठवलं. बाही तुला तीन इंच आखूड होईल, असं त्याने बजावलं होतं. पोरगा नुसता हसला होता.

"हात पुढं कर," तो म्हणाला.

वीणाने हात पुढे केला. बाही बरोबर मनगटावर बसली होती. तीस वर्षांत एकच माप त्याने टेपशिवाय कापलं, आणि ते घरातलंच होतं, तरी त्याला ओळखू आलं नव्हतं.

परसूने डोळे पुसले.

"चेन वरपर्यंत ओढ," तो म्हणाला. "गार वारं दिसतंय."