गोजरबाईचं डालगं

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. केदारखेड्याच्या गोजरबाईचं तोंड कधीच पोळलं नव्हतं, तरी ती पाणीसुद्धा फुंकून प्यायची. दुकानदाराचा काटा वाकडा, गिरणीवाला पीठ मारतो, शेजारीण हसली म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, अशी तिची खात्री. नवरा पुंजाराम दाराला कुलूप लावी आणि ही मागं फिरून ते ओढून पाही. त्यानं उभा जन्म हे मुकाट सोसलं.

पुढं सून आली, वाटूरची बेबीनंदा. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी येणार. म्हणजे संशय घ्यायला घरातच ताजं माणूस मिळालं.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात गोजरबाईच्या तांबड्या कोंबडीनं पिलं काढली आणि दुसऱ्याच दिवशी मुंगसानं कोंबडी नेली. मुंगसावरही गोजरबाईचा विश्वास नव्हता. कुणीतरी मुद्दाम खुराडं उघडं टाकलं, असं ती सुनेकडं बघत म्हणाली. पोरकी पिलं तिनं बांबूच्या डालग्याखाली झाकली, वर गोणपाट टाकलं आणि आत ज्वारीच्या कण्या नि पाण्याची ताटली सारली. पंख फुटेपर्यंत पिलं कुणाला दाखवायची नाहीत, मोजायची तर मुळीच नाहीत, नजर लागते, हा तिच्या आईपासूनचा नेम. तिनं स्वतःही कधी मोजली नव्हती.

पिलं मात्र झकास वाढू लागली. डालग्याखालून चिवचिवाट, कण्या टिपून साफ. दुसरी एखादी बाई खूश झाली असती. गोजरबाईला मात्र संशय आला, कारण गोणपाटाची शिवण तिनं भिंतीकडं ठेवली होती आणि ती आता दाराकडं होती. शिवाय सुनेच्या बोटाचं टोक हळदीनं पिवळं, आणि त्या दिवशी कालवणात तर हळद नव्हती! ती पाळत ठेवू लागली.

एका दुपारी शेतात जाते म्हणून निघाली आणि गोठ्यामागून परत आली. बघते तो डालगं उन्हात उघडं. बेबीनंदा उकिडवी बसून हळदीच्या पाण्याच्या ताटलीशेजारी, कण्यांवर नखानं टकटक करत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती.

"करणी करून राह्यली का गं माझ्या पिलांवर?"

"न्हाई हो आत्याबाई, टिपायला शिकवून राह्यले. त्यांची माय न्हाई ना आता."

"कोंबडीच्या पोराला खायला शिकवावं लागतं व्हय? मला खुळी समजती का?"

मग गोजरबाई आळीला ऐकू जाईल इतकं बोलली. करणीवाली म्हणाली. तो शब्द बेबीनंदाला फार लागला. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली आणि ती वाटूरला निघून गेली. "विश्वास बसला तर न्यायला या," एवढंच म्हणाली.

गोजरबाईनं गोणपाट दुहेरी केलं. आता घरात दगाबाज कुणी उरलं नव्हतं. पण कण्या टाकल्या तशाच पडून राहू लागल्या. चिवचिव बारीक झाली. एका सकाळी एक पिलू ताठलेलं निघालं, मग आणखी एक. तिनं पुंजारामकडं रोखून पाहिलं.

"माझ्याकडं काय बघती?" तो जन्मात पहिल्यांदा चिडला. "दर खेपेला कोंबडी आत राह्यची तव्हा तीच टकटक करून त्यांना दाणा दावायची. आता त्या अंधारात कोण दावणार? तू?"

तिनं डालगं उन्हात ओढलं, कण्या पसरल्या आणि कुणी बघत नाहीसं पाहून नखानं टकटक केली. एक पिलू मान वाकडी करून तिच्या बोटाकडं बघत राहिलं. मग आलं आणि नखाजवळचा दाणा टिपला. मागून बाकीची धावली. गोजरबाईला रडू कोसळलं. जिच्या बोटांनी ही पिलं जगवली, तिलाच आपण करणीवाली म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं वाटूरला निघाली, तेही डालगं मांडीवर घेऊन. पुंजारामच्या भरवशावर पिलं ठेवणं तिला आजही जमणारं नव्हतं. सुंभ जळाला तरी पीळ जातो थोडाच!

बेबीनंदा ओट्यावर शेंगा फोडत होती. आळीतल्या बाया गोळा झाल्या. गोजरबाईला माफी मागता येईना. उभ्या जन्मात कधी मागितलीच नव्हती. तिनं डालगं ओट्यावर ठेवलं आणि साऱ्यांच्या नजरेसमोर गोणपाट काढलं. पिलांना पिसांच्या काड्या नुकत्या दिसू लागल्या होत्या, पंख अजून फुटायचेच होते.

"मोज," ती म्हणाली.

"आत्याबाई, नजर लागंल."

"लागू दे. तू मोज."

बेबीनंदानं बोट फिरवत मोजली. तिचा चेहरा उतरला. "दोन कमी हायत."

"म्हंजे पह्यले मोजली व्हती तू!" गोजरबाई सवयीनं कडाडली, आणि तिथंच थांबली. मग सुनेच्या शेजारी ओट्यावर टेकली.

"तू गेल्यावर गेली ती दोन," ती म्हणाली. "माझ्या हातानं."