दाऊदभाईंची कॅसेट

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. ती गेली तेव्हा ‘सांगायचं राहून गेलं’ असं म्हणायचीही सोय नव्हती — राहून गेलं नव्हतं, मी ठेवलं होतं. मुलाला माहीत नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. यातही माझी सोय आहेच, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

शारजाच्या मराठी घरांमध्ये माझी एक ख्याती आहे. साठच्या दशकातलं इंग्लंड — तिथली गिटारवाली पोरं, त्यांची कपाळावर आलेली झुलपं, आखूड स्कर्ट, टीव्हीसमोर किंचाळणाऱ्या मुली — हे सगळं शिरीषकाकांना विचारा. गाणं दोन सेकंद वाजवा, मी गाणारे सांगतो, ते कुठल्या बंदरगावचे तेही सांगतो. लोकांना वाटतं, केवढी आवड ही! आता गंमत बघा. साठच्या दशकात मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात चड्डीचा नाडा सांभाळत होतो. गावात रेडिओ एकच, ग्रामपंचायतीचा, आणि त्यावर बाजारभाव लागायचे. मी ज्या तारुण्याचे गोडवे गातो ते माझं नाहीच. ते माझ्या साहेबांचं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी ड्राफ्ट्समन म्हणून इथे आलो. साहेब इंग्रज, चाळिशीचे. दर हिवाळ्यात ते आपल्या व्हिलावर ‘सिक्स्टीज नाइट’ करायचे. पोट सुटलेली माणसं अरुंद टाय बांधून, आपण एके काळी जग बदललं होतं असा चेहरा करून सँडविच खायची. जग बदललेली माणसं वाळवंटात सांडपाण्याचे पाइप टाकायला का आली, असं मला विचारावंसं वाटे. विचारलं नाही. कारण मला तिथलं आमंत्रण हवं होतं. पार्टीत गाण्यांची क्विझ असायची, ऑफिसातल्या ज्याला गाणी ओळखता येत त्याला साहेब बोलावत, आणि ज्याला बोलावत तो ड्रॉइंग बोर्डावरून उठून केबिनमध्ये बसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

ड्रॉइंग बोर्डावरून उठायचं होतं, एवढंच. त्यात वाईट काय होतं? — बघा, अजूनही मी तुमच्याकडून होकार काढायला बघतोय.

मी शारजातल्या रोल्ला भागात राहायचो. एका खोलीत तिघे — मी, मालवणचा पाटकर आणि दाऊदभाई. दाऊदभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे, बंदरावर वेल्डर. आमच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. मला पहिल्या महिन्यात ताप आला तेव्हा पेज करून भरवणारे तेच. खोलीतला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र, त्यांचा होता. ‘वापर रे, पण बटणं हळू दाब,’ एवढीच त्यांची अट.

तेव्हाच्या आखातात कॅसेट म्हणजे काय होतं, ते आता समजावून सांगावं लागतं. गावाकडच्या बायका पत्रं लिहीत नसत — कित्येकींना लिहिता येत नव्हतं. त्या कॅसेटमध्ये बोलत. कोणी सुट्टीवरून परत येणारा असला की त्याच्या बॅगेतून पापडांबरोबर ती कॅसेट यायची. आमच्या खोलीत रिवाज होता — कोणाची घरची कॅसेट लागली की बाकीच्यांनी जिन्यात जाऊन उभं राहायचं. कोणी सांगायला लागायचं नाही. दाऊदभाईंची बायको शेजारच्या घरी जाऊन कॅसेट भरायची. तिथला मुलगा बोटीवर खलाशी, त्याच्याकडे रेकॉर्डर होता. भरून झाली की तो कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खिट्या मोडायचा, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये. वहिनींनी त्या घरी जावं हे दाऊदभाईंना फारसं रुचत नसे. पण आवाज यायचा तर तोच एक मार्ग होता.

त्या गुरुवारी त्यांची एक कॅसेट आली. दाऊदभाईंनी ती लगेच लावली नाही, कधीच लावत नसत. जुम्म्याची नमाज व्हावी, गाववाल्यांना भेटावं, मासळी आणावी, जेवावं, आणि मग. आनंद पुढे ढकलण्याची ऐपत फार थोड्या माणसांत असते. त्यांच्यात होती.

शुक्रवारी दुपारी रेडिओवर इंग्रजी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. त्या दिवशी खास तासाभराचा होता, साहेबांच्या लाडक्या गिटारवाल्या पोरांवर. पार्टी दोन आठवड्यांवर. दाऊदभाई मशिदीत, पाटकर ड्युटीवर. माझ्याकडे कॅसेट एकच, तीही मागच्या शुक्रवारच्या गाण्यांनी भरलेली. जुम्म्याची दुपार, रोल्लातली दुकानं चार वाजेपर्यंत बंद. आणि उशाशी, रुमालात गुंडाळलेली, दाऊदभाईंची कॅसेट.

मला माझी स्वतःची कॅसेट पुसता आली असती. मागच्या आठवड्याची गाणी गेली असती, एवढंच. ती पुसायला माझा हात धजला नाही. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय, आणि ते वाचायला मलाही नको वाटतंय.

मी म्हटलं, दुसरी बाजू कोरी असेल. घरच्या कॅसेटमध्ये असतं काय — सलाम, खोकला, पावसाने पडलेली कौलं, कधी येणार? दहा मिनिटांचं काम. मी दुसरी बाजू लावली. तिथेही वहिनी बोलत होत्या. हळू, थांबत थांबत. मधे एक लहान मुलगी काहीतरी म्हणाली आणि त्यांनी तिला गप्प केलं. थोडं पुढे पळवलं — अजून बोलतच होत्या. या वेळी त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. इतक्यात रेडिओवरचा निवेदक बोलायला लागला. मी वर्तमानपत्राचे दोन बोळे केले, खिट्यांच्या भोकांत कोंबले, कॅसेट मागे घेतली आणि लाल बटण दाबलं. हळू दाबलं. सांगितलं होतं तसं.

अर्ध्या तासाने ती बाजू संपली. इथे मला थांबता आलं असतं. पहिली बाजू शाबूत होती — ते अर्धं तरी ऐकतील. पण मग त्यांना कळलं असतं ना? एका बाजूला बायको बोलतेय आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज पोरं गातायत, तेव्हा खोलीतल्या एकाच माणसाकडे बघावं लागलं असतं. पूर्ण पुसलेली कॅसेट मात्र चुकीची पाठवलेली कॅसेट असू शकते. मी कॅसेट उलटली.

म्हणजे एक बाजू मी गाण्यांसाठी पुसली. दुसरी लपवण्यासाठी. तरुणपण, हाव, मूर्खपणा — आधी पुसलेल्या बाजूला यातलं काहीही नाव देता येईल. नंतर पुसलेल्या बाजूला मी नाव देऊ शकलेलो नाही.

बोळे काढून टाकले. रुमाल होता तसा गुंडाळला.

जेवण झालं. तोवर पाटकर आला होता. दाऊदभाईंनी हात धुतले, दाढी पुसली, कॅसेट लावली. आम्ही जिन्याकडे निघालो, दारापर्यंत पोचलोही नव्हतो, तर मागून गिटार आणि चार पोरांचा ‘येस, येस’ असला आरडाओरडा. त्यांनी उलटून पाहिली. तेच. पाटकरला हसू आवरेना. ‘दाऊदभाई, गावाला नाच चाललाय वाटतं! आणि तुम्ही इकडे लोखंड जाळताय.’

दाऊदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाहणारच. मी काय केलं सांगू? मी कॅसेट हातात घेतली, उलटी करून त्यांना दाखवली. ‘खिट्या मोडलेल्या आहेत, दाऊदभाई. हिच्यावर इथे कोणी काही भरूच शकत नाही. गावाहूनच अशी आली.’

खिटी मोडलेली कॅसेट म्हणजे कुलूप, यावर त्यांचा विश्वास होता. कुलूप कागदाच्या बोळ्याने उघडतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मान हलवली. ‘खरं आहे,’ म्हणाले. बोटीवरून इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी कोण आणतो, आपली बायको कोणाच्या ओटीवर बसून बोलते, हे हिशेब त्यांच्या मनात मला दिसत होते. एका शब्दाने मी ते थांबवू शकत होतो. पाटकर म्हणाला, ‘अहो, मजा केली, सोडा.’ मी तेवढंही म्हणालो नाही.

संध्याकाळी त्यांनी जबाबाची कॅसेट भरली. आम्ही जिन्यात होतो, पण त्यांचा आवाज चढला होता, दारातून येत होता. ‘असलं पाठवायला लाज नाही वाटली? त्या घरची पायरी आता चढायची नाय. कॅसेट नको, काय नको. खलास.’ ‘असलं’ म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. गाण्यांचं नाव काढणं त्यांच्या मानी स्वभावाला कमीपणाचं वाटलं असणार.

त्यानंतर वहिनींचा आवाज त्या खोलीत आला नाही. गावच्या मास्तरांनी वहिनींसाठी लिहिलेली पत्रं यायची — सर्व खुशाल, काळजी नसावी. पुसलेली कॅसेट दाऊदभाईंनी मलाच दिली. ‘तुझ्या कामाची हाय, ठेव.’ मी ठेवली. गाणी पाठ केली. आमंत्रण मिळालं, क्विझ जिंकलो, साहेबांनी पाठ थोपटली, वर्षाच्या आत केबिन मिळाली. अल मजाज भागातलं हे घर, मुलाचं शिक्षण — पायरीपायरीने खाली उतरत गेलं तर तळाशी ती कॅसेट आहे. पुढे मी खोली सोडली. दाऊदभाईंची भेट विरळ होत गेली, मग बंद झाली. मीच केली.

हे असंच मुरून गेलं असतं. पण गेल्या महिन्यात मुलाने माझा वाढदिवस केला — दुबईच्या हॉटेलात, शनिवारचा ब्रंच, थीम अर्थातच सिक्स्टीज. केसांचे टोप घातलेला फिलिपिनो बँड. नात म्हणाली, ‘आजोबा, यू आर द कूलेस्ट पर्सन हिअर.’ मुलाचा वयाने बराच मोठा असा एक मित्र फुजैराहून आला होता, जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीतला, सलीम. त्याची बायको माझ्याशेजारी येऊन बसली. पन्नाशीला आलेली.

‘काका, तुम्ही रोल्लाला राहायचात ना? मी रुकैया. दाऊदभाईंची मुलगी. अब्बा तुमचं नाव सांगायचे.’

वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आई मागच्या रमजानात गेली, असं तिने सांगितलं. मग जरा संकोचून म्हणाली, ‘अब्बांच्या सामानात आईची एकही कॅसेट नाही मिळाली. खोल्या बदलताना कुठे गेल्या, कोण जाणे. तुमच्याकडे चुकून एखादी राहिली असेल, म्हणून विचारते. तिचा आवाज कुठेच नाहीये आमच्याकडे. मोबाइल आले तोवर ती बोलायचीच कमी झाली होती.’

‘नाही गं,’ मी म्हणालो. ‘खूप वर्षं झाली.’

ती गप्प बसली असती तर बरं झालं असतं. पण ती बोलली, कारण मी तिच्या वडिलांच्या खोलीतला माणूस होतो.

‘आई सांगायची, तिने एकदाच धीर केला. दोन्ही बाजू भरून बोलली. मीही होते तिथे, सात वर्षांची. म्हणाली, मला एकटीला नाही होत, एक तर तुम्ही या, नाहीतर आम्हाला तिकडे न्या. अब्बांचा जबाब आला — असलं पाठवायला लाज नाही वाटली? बस. परत तिने कधी विचारलं नाही. अब्बा सुट्टीवर यायचे, तेव्हाही नाही. आणि अब्बा... ते अजून वीस वर्षं इथेच राहिले. असे नव्हते हो ते, काका. तुम्ही तर होतात बरोबर. तेव्हा त्यांना काय झालं होतं, तुम्हाला काही आठवतं का?’

आठवतं का?

मी तिला म्हणालो, ‘जेवून घे बाळा, गार होतंय.’

मुलाने केक कापायला हाक मारली. मी उठलो. बँडने माझ्यासाठी एक गाणं सुरू केलं, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी पहिल्या दोन सेकंदांत ते ओळखून दाखवलं. टाळ्या झाल्या. रुकैयानेही वाजवल्या.

जाताना तिने आपला नंबर माझ्या फोनमध्ये भरून दिला. ‘कधी काही आठवलं तर सांगा,’ म्हणाली. आपल्या बापाने आईला असं का तोडलं, हे तिला माहीत नाही. तिची आई ते न कळताच गेली. फुजैरा इथून तासा-दीड तासावर आहे, रस्ता चांगला आहे, मुलगा म्हणतो, बाबा, कधीही सोडतो. मी अजून फोन केलेला नाही.