येसूआत्याचा भाऊ

मी लिहायला बसलो आहे, हेच मला अवघड वाटते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अक्षर गिरवलेले नाही, आणि कॉलेजात दोन वर्षे काढली म्हणून मला लिहिता येते असे नाही. शिवाय लिहायचे ते थोरामोठ्यांविषयी, असे पुस्तकांवरून दिसते. येसूआत्या कोंबड्या पाळत असे, एवढेच तिचे कर्तृत्व. पण तिच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला दुसरे काही सुचेनासे झाले आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

खालापुराकडून घाटाच्या पायथ्याशी यावे तर आमचे गाव शेवटचे, आणि गावात येसूआत्याचे घर शेवटचे. तिच्या परसाच्या कुडापलीकडे रान सुरू होई. ती आमच्या नात्याची नव्हे, शेजारीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हते. सात-आठ कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा एवढा तिचा संसार. अंडी बाजारात जात आणि त्यावर तिचे मीठ, तेल, लुगडे भागे. "कोनाच्या दारात भाकरीला हुबी ऱ्हायली नाय अजून," असे ती म्हणे, आणि ते खरे होते.

दिवस कलला की ती परसात बसून कोंबड्यांना खुराड्यात घाली, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवून. त्या वेळी रानातल्या जनावराचे नाव कुणी काढलेले तिला खपत नसे. नाव घेतले की ते येते, असे आमच्याकडे सगळेच मानतात; बाकीचे लोक नुसते 'जनावर' म्हणून मोकळे होतात. येसूआत्याने मात्र त्यांना नाती लावून दिली होती. घार म्हणजे नणंद. "वरनं बघत ऱ्हाते, न खाली उतरली का काय तरी उचलल्याबिगर जात नाय." मुंगूस म्हणजे जावई, कारण त्याला आल्या आल्या अंडी लागत. आणि बिबळ्या म्हणजे भाऊ.

तिला सख्खा भाऊ होता. तो घाटावर मावळात राही. लग्नानंतर एकदा आला, पुन्हा आला नाही. भाऊबीजेला जिचा भाऊ येत नाही ती बाई चंद्राला ओवाळते. आत्याही चंद्राला ओवाळी, आणि मग ताट तसेच रानाकडे वळवून एकदा ओवाळी. माझी आई एकदा तिला म्हणाली, "येसू, अगं त्याला काय ओवाळतेस? परवाच कोंबडी न्हेली त्यानं."

"सख्खा येत नाय, ह्यो तरी येतो," आत्या म्हणाली. "येताना हात हालवत येतो न जाताना घेऊन जातो. भावाचीच रीत हाय ती."

आई हसली. आत्याही हसली, पण ताट तिने लगेच खाली ठेवले नाही.

गावातल्या कुणी मांसात विष घालून ठेवायचे सुचवले, तेव्हा ती त्याच्यावर चिडली होती. "माजी कोंबडी माजी, त्याचं पोट त्याचं. मी राखीन, तो बगंल. इख कशाला मधी?" या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तिला रानाचा राग नव्हता. तिला फक्त दार नीट हवे होते.

आणि दारच नीट नव्हते. मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गेलो, तेव्हा खुराड्याच्या भिंती दगडाच्या होत्या पण दार कारवीच्या काठ्यांचे, कुजत आलेले. एका सकाळी दारापुढच्या मातीत पंजे उमटलेले दिसले. आत्या त्यांच्याजवळ उकिडवी बसून राहिली.

"भाऊ येऊन गेला रं. दार चाचपून गेला. आता परत यील."

गावचा सुतार रेल्वेच्या कामावर गेला होता. मी म्हणालो, "आत्या, फळीचे दार मी करून देतो. मुंबईत लोखंडी बिजागऱ्या मिळतात, दिवाळीत घेऊन येतो. तोवर पाटा टेकवून ठेव."

"न मी वाटू कशावर? तुज्या डोसक्यावर?"

मग तिनेच सुंभाचा तुकडा आणला, दाराची उंची आणि रुंदी मापून त्याला दोन गाठी मारल्या आणि तो माझ्या हातात दिला. "शिकलेली मानसं इसरतात. ह्यो जवळ ऱ्हाऊं दे."

भाद्रपदात मला तिचे पत्र आले. गावच्या शाळेत पुण्याकडचे नवे मास्तर आले होते, त्यांच्याकडून तिने लिहवून घेतले होते. मास्तर सज्जन, बाईमाणसाचे बोलणे पत्रात शोभेसे करून लिहिण्याची त्यांना सवय होती. लिहिले होते: "आमचे बंधुराज दोन वेळा येऊन गेले. दुसऱ्या खेपेस होते नव्हते ते सर्व नेले. आता कोंबड्यांच्या राखणीची यातायात उरली नाही. सवड होईल तेव्हा येऊन जावे."

मला फार बरे वाटले. इतक्या वर्षांनी मावळातला भाऊ आला, सामानसुमान घेऊन गेला, आता तिलाही नेणार, असे मी समजलो. मी उलट टपाली लिहिले: "बंधू आले हे वाचून अतिशय आनंद झाला. आता एकटी राहू नकोस, त्यांच्याकडेच सुखाने राहा." बिजागऱ्या मी घेऊन ठेवल्या होत्या. त्यांची आता घाई नाही असे मनाशी म्हटले आणि दिवाळीत अभ्यासासाठी मुंबईसच राहिलो.

मार्गशीर्षात आमच्या गावचा धाकू आईने दिलेले तांदूळ घेऊन माझ्या खोलीवर आला. पाणी प्याला आणि म्हणाला, "येसूआत्या गेली रं. कार्तिकात."

"मावळात?"

"मावळात कशाला? घरातच. ताप भरलावता."

"पण तिचा भाऊ तिला न्यायला आला होता."

धाकू म्हणाला, "कंचा भाऊ? अरं, बिबळ्या आलता. दार फोडलंन. पयल्यांदा कोंबडा न्हेला, मंग चार दिसांनी बाकीच्या. एक खुडूक कोंबडी तेवढी घरात डालग्याखाली अंड्यांवर बसलीवती म्हनून वाचली. मंग काय, म्हातारी लोकांच्या घरी भात कांडायला जायची."

माझे पत्र तिला मिळाले का, एवढेच मला विचारता आले.

"मिळालं की. मास्तरांनी वाचून दावलं, आमी समदी व्हतो तितं. आमी मास्तरांना म्हनलं, पुन्यांदा लिवा, पोराला उमगलं नाय. तर आत्याच नको म्हनाली."

"का?"

"म्हनली, माजा भाऊ आला म्हनून एवढा आनंद झालाय त्याला. ऱ्हाऊं द्या तसाच."