गुलाबाच्या फळाची बाटली

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे ते फडताळात मागे मागे सरकत जातात, आणि एक दिवस साखरेचा डबा काढायला जावं तर धडाधड अंगावर येतात. इंदूरजवळच्या आमच्या गावातल्या, माधव नगरच्या शुक्रवारच्या भजनी मंडळाचे माझ्याकडे इतके आहेत, की ऐकणारा दमेल. आज फक्त एका बाटलीचे सांगते. कुसुमच्या बाटलीचे. कुसुम आता नाही.

* * *

मी शाळेत गेले चौथीपर्यंत. इंग्रजी शिकले ती यजमानांच्या आजारपणात, औषधांच्या लेबलांवरून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे चुका काढायलाही कोणी नव्हतं! पुढे मंडळात कोणाच्या घरी गोळी आली की आधी माझ्याकडे यायची, मग तोंडात जायची.

एकदा शेजारची बी.ए. झालेली सून म्हणाली, "काकू, याचा उच्चार असा नाही."

म्हटलं, "उच्चाराने ताप उतरत असेल तर तू वाच!"



कुसुमला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पाठांतर मात्र असं, की भजनाची वही तिने कधी उघडलीच नाही. एकदा ऐकलं की झालं.

* * *

बाजार नुकता खुला झाला होता. बाहेरदेशचं काही हातात आलं की बायका आधी त्याचा वास घ्यायच्या! आमची शोभा, बँकेतल्या साहेबांची बायको. आरती झाली की ती पर्समधून विकायला बाटल्या काढायची. "व्हिटॅमिन सी, विथ रोझ हिप्स. रोज एक. इंपोर्टेड आहे हं, अमेरिकेची!"

मी डिक्शनरी पाहून सांगितलं, रोझ हिप म्हणजे गुलाबाचं फळ.

कुलकर्णी आजी म्हणाल्या, "चल! आमच्या गुलाबाला चाळीस वर्षांत फळ नाही धरलं."

"धरेल कसं? रोज सकाळी खुडून महादेवाला नेता. फूल झाडावरच वाळू द्यावं लागतं."

आजींनी टाळ खाली ठेवले. "म्हणजे इतकी वर्षं मी देवाला लेकरंच खुडून वाहिली की गं!"

हसायला उघडलेली तोंडं सगळ्यांनी मिटली. आजींची तीन बाळं गेली होती.

* * *

त्याच सुमारास कुसुमच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. चूळ भरली की बेसिन लाल. मी पुस्तकात वाचलेलं होतं, हिरड्यांतून रक्त म्हणजे सी कमी. तिच्यासमोर तीन बाटल्या मांडल्या. केमिस्टकडची साधी, संत्र्याच्या चवीची चघळायची, आणि शोभाची. तिन्ही लेबलं वाचून निकाल दिला, "शोभाच्या बाटलीत गुलाबाचं फळ चिमूटभर, बाकी तेच आम्ल. रोज घ्यायची तर साधी घे."

कुसुम म्हणाली, "ताई, साधी साध्या दुखण्याला. मला मोठी दे."

मला तेव्हाच ऐकू यायला हवं होतं. मी मोठी, शोभाचीच, दिली.

"आता वरपासून खालपर्यंत वाच. काही सोडू नको."

वाचलं. मोठ्याने, इंग्रजीतच. शेवटच्या ओळीवर तिने विचारलं, "हे काय?"

"बरं नाही वाटलं तर डॉक्टरला दाखवा. सगळ्याच बाटल्यांवर असतं हे. छापावंच लागतं त्यांना!"

मग दर शुक्रवारी भजन झालं की बाटली पुढे करायची. "वाच ना, ताई. ऐकलं की बरं वाटतं."

* * *

आवळा नवमीला आम्ही आवळ्याखाली जेवायचो. त्या वर्षी झाडाला सूत गुंडाळलं, दिवा लावला, पुरी-भाजी झाली. आणि जेवण होताच मंडळातल्या सात जणींनी पर्स उघडून अमेरिकेची गोळी काढली!

आजी म्हणाल्या, "अगं, निदान झाडाकडे पाठ करून गिळा!"

वर आवळे लटकले होते. कुसुमने हात वर केला तेव्हा पदर सरकला. दंडावर निळे डाग, जांभळाएवढे.

शोभा म्हणाली, "अरे, ये तो असर है! खराब खून निकल रहा है!"

शोभावर मी खूप चिडले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हटलं, "असेल."

* * *

कुसुमचे यजमान रेल्वेतून रिटायर झालेले, अबोल माणूस. एक दिवस दारात येऊन उभे राहिले. आत येईनात.

"ताई, मी म्हणतो इंदूरला दाखवू. ती म्हणते, ताई सांगेल तरच."

चौथी पास बाईची परवानगी घ्यायला पेन्शनर माणूस दारात! मला त्या दिवशी फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

म्हटलं, "महिनाभर दोन-दोन घेऊन बघू दे."

महिना पुरा झाला नाही. कुसुम आंघोळीच्या पाटावरच कोसळली.

* * *

नानाखेड्याच्या स्टँडवरून बसने मी इंदूरला गेले. मोठं हॉस्पिटल. कुसुम चादरीपेक्षा पांढरी. तरुण डॉक्टर, हातात रिपोर्ट, डोकं वर करेना. रक्ताचाच आजार होता, आणि फार पुढे गेलेला.

"पाँच महीने से क्या ले रही थीं?"

कुसुमने उशीखालून बाटली काढली.

"ये किसने बताया?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. त्याआधी कुसुम बोलली.

"किसी ने नहीं. मैं खुद पढ़ के लाई. मेरे को अंग्रेज़ी आती है."

तिचे यजमान खिडकीबाहेर बघायला लागले.

डॉक्टर तापले. "आती है? तो पढ़िए, क्या लिखा है इस पर!"

कुसुमने बाटली दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरली आणि सुरू केलं. टेक वन टॅब्लेट डेली विथ मील. कीप इन कूल अँड ड्राय प्लेस. एकही शब्द न गाळता, कुठेही न अडखळता, माझ्याच उच्चारात, माझ्याच ठेक्यात. इफ सिम्प्टम्स परसिस्ट, कन्सल्ट युवर फिजिशियन.

तिने दम घेतला आणि पुढचंही म्हटलं, "ये तो सब बोतलों पे रहता है, डॉक्टर साहब. छापना ही पड़ता है उनको."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी तिच्या हातातली बाटली सुलटी करून दिली.