चहात उकळलेले पडदे

धुळीच्या कामात वँडा कोझिकचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावात दर ऑक्टोबरला बंबखान्यामागच्या हॉलमध्ये हॅलोविनला पोरांना घाबरवायला भुतांचं घर उभं राही आणि त्यातली बैठकीची खोली वँडाची. "धूळ वरून पडते रे, बाजूनं नाही!" असं नवऱ्यावर, स्टॅनवर, ओरडत ती खुर्च्यांवर गोंद फवारायची आणि चाळणीतून मुलतानी माती सोडायची. पडदे जाळीदार कापडाचे. काळ्या चहात उकळून, तारेच्या ब्रशनं फाडून जुनेपुराणे केलेले.

यंदा आग न धरणारं कापड तयारच मिळालं होतं. आग रोखणारं औषध फवारायचा ताप वाचला म्हणून वँडा खुशीत. दुपारी शिडी धरून स्टॅन म्हणाला, "अगं, उकळताना कापडातलं औषध चहात उतरलं नसेल ना?"

वँडा तडक शिडीवरून उतरली. मागच्या दाराशी जाऊन तिनं उरलेल्या चिंधीला काडी लावली. चिंधी भुर्रकन बोटांपर्यंत जळत आली.

"बंबवाल्यांच्याच घरात आग! पेपरात फोटो येणार तुझा." मागोमाग आलेला स्टॅन खिदळला.

"दात काढू नकोस, औषध आण!"

संध्याकाळी दार उघडायचं, त्याआधी आगीची तपासणी. ही पहिलीच खोली. ती बंद तर सगळं घर बंद. दोघांनी फवारलं, पंखे लावले. वँडा दर थोड्या वेळानं पडदे चाचपायची. अजून ओले. अजून ओलेच.

तपासनीस ग्लेन हॉफर आला. शब्द च्युइंगगमसारखा चघळल्याशिवाय सोडायचा नाही. "हंऽऽ... वँडा... मला घाबरवतेस... होय?"

"तूच मला घाबरवतोयस. कर लवकर."

त्यानं एका जेमतेम वाळलेल्या पडद्याची पट्टी कापून लायटर धरला. कड काळी पडली, आक्रसली, विझली.

"हंऽऽ... ठीक."

पण वरच्या खिडकीचा लांब पडदा कोरडा ठणठणीत होता. तिथवर येता येता औषधच संपलं होतं. ग्लेन वर बघत नव्हता. बाहेर पोरांची रांग खिदळायला लागली होती. हीच पोरं हातभर अंतरावरून जाणार.

"ग्लेन, तो वरचा फवारायचा राहिलाय."

"बाई गं, गप्प बस की!" स्टॅन कुजबुजला.

ग्लेननं मान वर केली. बराच वेळ चघळलं. "मग... काढ."

पडदा उतरला. मागे लख्ख काच आणि काचेपलीकडे धुऊनपुसून चकाकणारा लाल बंब.

पहिलीच पोरगी आत आली, थबकली आणि मैत्रिणीला ढोसत म्हणाली, "ए, इथली भुतंसुद्धा घाबरलीत बघ. आधीच बंब बोलावलाय!"