लाल कापडाचं ‘नको’

सुमनताई गेल्या, हे सांगायला त्यांच्या पुतणीचा, वंदनाचा फोन आला तेव्हा मी जुईच्या केसांना तेल लावायला बसले होते. फोन ठेवते तोच जुईने तिचं ‘नको’चं लाल कार्ड माझ्या हातात दिलं. मी बाटलीचं झाकण लावलं आणि तशीच बसून राहिले... हे थांबणं मला शिकवणारी बाई गेली होती. त्याला आता दीड महिना झाला.

गोखिवऱ्यात आमच्या बिल्डिंगखालच्या गाळ्यात ताई ब्लाउज शिवायच्या. माहेर जवळच्याच कामण गावचं, बोलणं रोखठोक. माप घेण्याआधी त्या विचारायच्या, “नको काय, ते आधी सांगा.” हवं ते बायकांना धड सांगता येत नाही, नको ते मात्र पक्कं ठाऊक असतं, असा त्यांचा अनुभव. माझी जुई तेव्हा सहा वर्षांची. ऑटिस्टिक, न बोलणारी. मी हौसेने तिच्यासाठी चित्रांची कार्डं केली होती: पाणी, भात, झोका, आजी. तिने कार्ड हातात द्यायचं, आपण ती वस्तू द्यायची. फाइलमधून कार्डं सारखी गळायची, म्हणून तिच्या कमरेला बांधायचा कापडी पट्टा शिवून घ्यायला मी जुईला घेऊन ताईंकडे गेले. त्यांनी एकेक कार्ड काउंटरवर मांडलं आणि चष्मा वर सारला.

“पोरीला नको म्हनायची सोय कुठंय?”

“रडते की ती. हाताला चावते.”

“तेवढं करायला लागू नये म्हनूनच ना ही कार्डं?”

मला राग आला. खरं तर लाज वाटली. जुईच्या थेरपिस्ट बाईंनीही ‘नको’चं कार्ड करायला सांगितलं होतं, मीच टाळत होते. पोरगी कधी काही मागेल याची इतकी वाट पाहिली होती, की तिचा नकार ऐकायची माझी तयारीच नव्हती. ताईंनी तिथल्या तिथे कॉलरच्या कॅनव्हासला लाल अस्तर लावून चौकोन शिवला. मापाची टेप पाहून जुई मागे सरली, तेव्हा मी तिचा हात धरून तो चौकोन ताईंच्या तळहातावर ठेवला. ताईंनी टेप परत गळ्यात टाकली. “बरं. नको तर नको. जुना फ्रॉक आन, त्यावरून शिवते.” चौथ्या-पाचव्या खेपेला जुईने तो आपणहून दिला.

मग काय, दिवसभर ‘नको’. पोळी नको, आंघोळ नको, आलेले पाहुणे नकोत. मी मेटाकुटीला आले. एकदा तापाचं औषध पाजताना ते कार्ड मी सरळ भिरकावून दिलं. त्यानंतर जुईने त्याला हात लावला नाही, स्वतःच्या हाताला मात्र चावत राहिली. ताई भडकल्या. “औषध द्यायलाच लागतं, कबूल. पन कार्ड आधी हातात घ्यायचं. ‘ऐकलं गं’ म्हनायचं. मग द्यायचं. कुनी ऐकतच नसेल तर ती सांगेल कशाला?” मी त्यांच्यासमोर रडले. पुढचे पंधरा दिवस जुईने नुसतं तोंड फिरवलं तरी मी थांबत होते, तेव्हा कुठे ते कार्ड पुन्हा माझ्या हातात आलं.

आज जुई अकरा वर्षांची आहे. टॅबवर बोट ठेवून दोन-तीन शब्द जोडते. पट्ट्यावर लाल कार्ड तेवढं उरलंय, हातावरचे चावल्याचे वण केव्हाच गेले. हे मी ताईंमुळे पाहिलं. एकदा आभार मानायला गेले, तर त्यांनी माझ्यापुढे ब्लाउज टाकला. “बसलीच आहेस तर हुक लाव.”

गेल्या रविवारी वंदना ताईंचं दुकान कायमचं आवरत होती, तेव्हा आम्ही दोघी गेलो. जुई नेहमीच्या स्टुलावर बसली. वंदनाने मशीन खाली दुमडलं, लाकडी झाकण उचललं. तशी जुई उठली आणि लाल कार्ड तिच्या हातात देऊन उभी राहिली. वंदनाने माझ्याकडे पाहिलं. हे ‘नको’ पाळणं माझ्या हातात नव्हतं... मी वंदनाकडून कार्ड हातात घेतलं. जुईने चावून मऊ केलेल्या कोपऱ्यावर ताईंनी घातलेले दुहेरी टाके बोटांना लागले.

“ऐकलं गं,” मी म्हणाले.

मग वंदनाने झाकण लावलं.