आत्ती, मी आणि स्प्रिंगची गादी

"कपलसाठी हेच मॉडेल बेस्ट मॅडम," गादीच्या दुकानातला विक्रेता म्हणाला आणि मी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या जोडीदाराकडे बघितलं. इरकल लुगडं, डोक्यावर पदर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. माझ्या सासूबाई. वय वर्षं शहात्तर.

गादी आम्हा दोघींना हवी होती. त्या माणसाला मी हे तीनदा सांगितलं. तो प्रत्येक वेळी "हो हो" म्हणायचा आणि दारात मोबाइल बघत उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे आशेनं बघायचा.

सासू आणि सून एका गादीवर कशा, हे आधी सांगते, नाहीतर लोक भलतेच तर्क काढतात. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, बेळगुंदीला राहायच्या. सासरे गेले तरी तिथंच राहिल्या, एक म्हैस आणि चार कोंबड्या सांभाळत. गेल्या पावसाळ्यात परसात शेवाळावरून पाय घसरला आणि कमरेच्या हाडाला बारीक चीर गेली. ऑपरेशन टळलं. पण डॉक्टरांनी बजावलं, रात्री उठताना कुणीतरी हाताशी पाहिजे, परत पडल्या तर काही खरं नाही. मग म्हैस आणि कोंबड्या चुलत दिराकडे गेल्या आणि आत्ती बेळगावात आमच्या फ्लॅटमध्ये आल्या. आता हाताशी कोण? आमचे हे झोपले की भूकंप झाला तरी उठायचे नाहीत, आणि घोरतात असे की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात. तेव्हा हे हॉलमधल्या दिवाणावर गेले, चांगले खुशीत गेले, आणि मी आत्तींच्या शेजारी आले.

मी उताणी झोपणारी. एकदा आडवी झाले की सकाळपर्यंत चादरीला सुरकुती पडत नाही, पण खुट्ट झालं की जाग येते. आत्तींचं तसं नाही. त्या डाव्या कुशीवर सुरुवात करतात, मग पालथ्या होतात, मग उताण्या, मग उठून बसतात, अंबाडा सोडून परत बांधतात आणि पुन्हा डावी कूस. मध्येच झोपेत म्हशीला दटावतात. "सर तिकडं!" म्हणायचं आणि मला कोपर मारायचं. त्यात गादी आमच्या लग्नातली, कापसाची, निपाणीहून माझ्या वडिलांनी पाठवलेली. सत्तावीस वर्षांत तिच्या मधोमध हा एवढा खड्डा पडलेला. रात्री आम्ही दोघी आपापल्या काठाला निजायचो आणि पहाटे खड्ड्यात एकमेकींच्या अंगावर सापडायचो.

मी हायस्कुलात गणित शिकवते. त्या महिन्यात घटक चाचणी चालू होती आणि वर्गावर देखरेख करता करता मी खुर्चीत चक्क झोपले. जागी झाले तेव्हा नववीच्या निम्म्या वर्गानं एकच गणित एकाच चुकीसकट सोडवलेलं होतं. घरी येऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला. हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आत्ती हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पिशवी भरलेली.

"जाते मी गावाला. माझ्यापायी तुझी झोपमोड हुतीया. नोकरीवरची बाई तू, असं कसं चालंल?"

खरं सांगते, लग्नानंतर पहिली पंधरा वर्षं ह्या बाईशी माझं धड एक वाक्य सरळ झालं नव्हतं. त्यांनी माझ्या भाकरीला नावं ठेवायची आणि मी त्यांच्या लेकाला. पण ह्या चार महिन्यांत अंधारात शेजारी पडल्या पडल्या आम्ही किती बोललो होतो. त्यांची एक मुलगी लहानपणी तापानं गेली, हे मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. त्यानंतर कुणी माझ्या अंगावर पांघरूण ओढल्याचं मला आठवत नाही. आत्ती ओढायच्या. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. आणि बेळगुंदीच्या त्या घरात रात्री त्या पडल्या असत्या तर सकाळपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता.

"आत्ती, मला आठ दिवस द्या," मी म्हटलं. "मी नवी गादी आणते. तेवढ्यात आपली दोघींची झोप नीट झाली नाही, तर मी स्वतः तुम्हाला बसमध्ये बसवून देते."

"शनवारपर्यंत," त्या म्हणाल्या. बाई शब्दाची पक्की.

म्हणून आम्ही दुकानात. "बर्री, बर्री," असं कानडीत या-या करत त्या विक्रेत्यानं आम्हाला आत नेलं. आत्तींनी चपला बाहेर पायरीखाली काढल्या, पदरानं तळवे पुसले आणि मग त्या गुळगुळीत फरशीवर पाय ठेवला. विक्रेत्यानं तीन गाद्या दाखवल्या. तिन्ही पॉकेट स्प्रिंगच्या, म्हणजे आत प्रत्येक स्प्रिंग आपल्या वेगळ्या कापडी खिशात शिवलेली. साध्या स्प्रिंगच्या गादीत सगळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे एकानं कूस बदलली की दुसरा उडतो. इथं एक दबली तरी शेजारणीला खबर नाही. पहिली मऊ, वरून जाड फोमचा थर, ती कुशीवर झोपणाऱ्यांसाठी, खांदा आणि खुबा आत जावा म्हणून. दुसरी मध्यम, वर रबराच्या चिकाचा, म्हणजे लॅटेक्सचा थर, उताण्यांसाठी. तिसरी कडक, पालथे झोपणाऱ्यांसाठी, पोट खाली जाऊन कंबर वाकू नये म्हणून.

"आजी कशा झोपतात?" त्यानं विचारलं.

"तिन्ही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तिन्ही. एका रात्रीत."

त्यानं तिन्ही गाद्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "आजी, तुम्ही झोपून बघा."

आत्ती पहिल्या गादीवर बसल्या, बुडाल्या, आणि हात वर करून "अगं ये, काढ मला!" म्हणून ओरडल्या. मी आणि हे, दोघांनी ओढून बाहेर काढलं. तिसऱ्या गादीवर त्यांनी दोन थापा मारल्या आणि म्हणाल्या, "ह्यापरास आमची जमीन बरी." दुसरीवर मात्र त्या डाव्या कुशीवर लवंडल्या, पालथ्या झाल्या, उताण्या झाल्या आणि वर पंख्याकडे बघत पडून राहिल्या. भर दुकानात, इतर गिऱ्हाइकं बघत असताना. मला लाजही वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

"कापूस किती किलो हाय ह्यात?" त्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"कापूस नाही आजी."

"मग दबली म्हंजे पिंजायची कशी?"

"पिंजायची गरजच नाही."

"आन् खालीवर उलटायची?"

"उलटायची पण नाही."

"मग हिचं करायचं काय?" आत्तींनी मला विचारलं. वर्षातून दोनदा उन्हात घालायची नाही, काठीनं बडवायची नाही, पिंजाऱ्याला बोलवायचं नाही, असल्या गादीवर त्यांचा विश्वास बसेना. मग विक्रेत्यानं हुकमाचं पान काढलं. गादीच्या एका बाजूला पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास ठेवला, स्वतः दुसऱ्या बाजूला आडवा झाला आणि गडगडा लोळला. ग्लास जागचा हलला नाही. हे मोबाइल खिशात टाकून बघायला आले. आत्तींनी ग्लासाकडे बघितलं, हात लांब करून तो उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"मगापास्नं घसा सुकलाय," म्हणाल्या.

गादी ठरली. किंमत कमी करा म्हणून आत्तींनी विक्रेत्याला कानडीत "कडिमी माडरी, कडिमी माडरी" करून इतकं छळलं की शेवटी त्यानं दोन उशा फुकट देऊन सुटका करून घेतली.

मंगळवारी दोन माणसं गादी घेऊन तीन जिने चढून आली. पलंगावर टाकली. एकानं खिशातून ब्लेड काढलं, "वरचा प्लास्टिकचा कागद काढू काय मॅडम?"

"हात लावू नका!" मी किंचाळले.

आता इथं मला कुणी नावं ठेवू नका. तुमच्या घरी काय वेगळं चालतं? आमच्या फ्रिजच्या दारावरचा प्लास्टिकचा पापुद्रा अजून तसाच आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे, बटणं वरूनच दाबायची. निपाणीला माझ्या माहेरी नवा सोफा आला तेव्हा वडील म्हणाले होते, पाहुणे येतील तेव्हा प्लास्टिक काढू. पाहुणे येत राहिले, उन्हाळ्यात सोफ्याला चिकटत राहिले, उठताना चर्रकन आवाज करत राहिले, आणि त्या सोफ्याचा खरा रंग आम्ही तो मोडीत काढताना बघितला. शिवाय गादीबरोबर वॉरंटीचं कार्ड होतं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, डाग पडल्यास वॉरंटी लागू नाही. गणिताची बाई बारीक अक्षर सोडत नाही. मी कागदावरूनच चादर घातली आणि चारी कोपरे आत खोचले.

त्या रात्री दिवा मालवला. आत्तींनी कूस बदलली. चर्रर्र. फटाक्याची माळ लागावी तसा आवाज. मी डोळे मिटून घेतले. जरा वेळानं माझ्या पायाला खाज आली. पण मी हलले तर कागद वाजणार, कागद वाजला की आत्ती जाग्या होणार, जाग्या झाल्या की बाथरूमला उठणार, आणि अंधारात पडल्या तर? मी पाय तसाच ठेवला. आणि नवल म्हणजे आत्तींकडूनही पुढे काही आवाज नाही. कोपर नाही, म्हैस नाही. झोपल्या वाटतं, मी मनात म्हटलं, आणि पहाटेपर्यंत त्याच आनंदात जागी राहिले.

"झोप लागली, आत्ती?"

"व्हय गं, लई बेस. तुला?"

"एकदम मस्त."

हे चहा पीत म्हणाले, "बघा, दोघींचा प्रश्न मिटला."

बुधवार तसाच. गुरुवार तसाच. शुक्रवारी शाळेत मी फळ्याला टेकून उभी असताना माझा डोळा लागला. उभ्या उभ्या! पण घरी हूं का चूं केलं नाही. आत्ती इतक्या शांत झोपतायत, तीनच रात्री झाल्यात, होईल सवय, असं स्वतःला बजावत राहिले.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी एकला दार उघडून आत आले. गादी रिकामी. स्वयंपाकघरात फरशीवर वाकळ टाकून आत्ती गाढ झोपलेल्या. तोंड उघडं, एक हात म्हशीच्या पाठीवर टाकल्यासारखा पसरलेला, आणि डोक्याखाली उशीच्या जागी भरलेली पिशवी.

माझं डोकंच फिरलं. डबा ओट्यावर आपटला.

"एवढी महागाची गादी आणि तुम्ही फरशीवर? परत कंबर मोडून घ्यायची आहे का?"

आत्ती दचकून उठल्या. "वरडू नगंस. शनवार हाय. तीनची बस हाय मला."

"पण तुम्हाला तर लई बेस झोप लागत होती!"

त्या वाकळेच्या टोकाशी चाळा करत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "गादी झ्याक हाय गं. पर तिच्यावर हलायला भ्या वाटतंय. जरा हललं की त्यो कागद वाजतोय, आन् तू उठशील. म्हणून मी हललीच न्हाय."

"कधी?"

"चार रात्री. एका कुशीवर. कंबर पार लाकूड झालीया."

मी मटकन त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. हाडाला चीर गेलेली शहात्तर वर्षांची बाई चार रात्री एका कुशीवर पडून राहिली होती, माझ्या झोपेसाठी. आणि मी तिच्या शेजारी पायाची खाज दाबून पडले होते, तिच्या झोपेसाठी. आणि मधे काय? माझ्या वॉरंटीचा कागद.

"आत्ती, तो कागद काढायचा असतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काढायचा असतोय? मला वाटलं, महागाची हाय म्हंजे तसंच असतंय."

त्यांना वाटलं! आणि मला काय वाटलं होतं? मला इतकी लाज वाटली की रडूच आलं, आणि रडता रडता हसू फुटलं. आत्तीही हसायला लागल्या, आधी पदरात, मग मोठ्यानं. हसता हसता उठल्या, काठीसुद्धा विसरल्या, ओट्याखालून विळी काढून माझ्या हातात दिली. "चल. फाड."

चादर ओढून काढली. पोतं उसवावं तसा तो कागद आम्ही दोघींनी पायथ्यापासून उशापर्यंत फाडला. तेवढ्यात हे घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "अगं, वॉरंटी!"

"गप बस!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. हे मुकाट्यानं दिवाणावर जाऊन बसले.

आत्तींनी कागदाची नीट घडी घातली, पावसात गावाकडं सरपण झाकायला होईल म्हणून. मग गादीवर त्यांची वाकळ अंथरली आणि आम्ही आडव्या झालो. अडीच वाजले होते.

"आत्ती, बस?"

त्यांनी डावी कूस घेतली. मी डोळे मिटले, आणि तिथून पुढचं मला काहीच आठवत नाही.

जाग आली तेव्हा खोलीत संध्याकाळचा उजेड होता. गादी स्तब्ध. हिसका नाही, कोपर नाही, आवाज नाही. पहिल्यांदा बरं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी तीनची बस आठवली. गेल्या. मला न उठवता पिशवी घेऊन गेल्या. आणि ह्या मेल्या गादीनं मला कळूही दिलं नाही. डोळे उघडायचं धाडस होईना. तसाच हात बाजूला नेला, चाचपडत, आणि मनगटावर खरखरीत बोटं आवळली गेली.

"हाय गं, हितंच हाय," आत्ती झोपेतच म्हणाल्या, आणि माझ्या अंगावर पांघरूण ओढलं.